दोन्हीकडून खरं ठरलेला मध

बावीस वर्षं मी नववी-दहावीला विज्ञान शिकवतेय. एवढ्या वर्षांत मला एक आजार जडला आहे. कोणत्याही प्रश्नाला 'मला माहीत नाही' असं उत्तर माझ्या तोंडातून निघत नाही. मुलं विचारतात, आपण सांगतो. नेमकं माहीत नसलं तर जवळपासचं काहीतरी सांगतो, आणि तेही आठवलं नाही तर आवाज चढवतो. शाळेत हे खपून जातं. घरात खपलं नाही. गेल्या वर्षी माझ्या या आजारापायी थोरल्या बहिणीच्या पायावर बेतलं, आणि त्यात चूक नेमकी कुठे सुरू झाली हे मला अजून धड उलगडलेलं नाही. लिहून काढलं तर उलगडेल असं वाटतंय, पण खात्री नाही.

बहिणीला मी आपा म्हणते. ती माझ्याहून चौदा वर्षांनी मोठी. अम्मी गेली तेव्हा मी चार वर्षांची होते आणि आपाचं लग्न लासलगावला ठरलेलं होतं. "ही पण माझ्यासंगं येईल, नायतर मी येत नाय," असा तिने सासरी निरोप धाडला, आणि अठराव्या वर्षी नवरी कडेवर बहीण घेऊन नांदायला गेली. कांद्याच्या मार्केटमागच्या त्या घरात मी वाढले. आपाची शाळा सातवीत सुटली होती. मी अभ्यासाला बसले की ती समोर तांदूळ निवडत बसायची आणि मध्येच विचारायची, "हे काय काढलंस?" मग मी सांगायची. बेडकाचं हृदय, झाडाचं मूळ, चुंबकाची दोन टोकं. ती मन लावून ऐकायची आणि लगेच शेजारणीला जाऊन सांगायची. माझी पहिली विद्यार्थिनी तीच. तिला मूलबाळ झालं नाही. दुल्हेभाई, म्हणजे आपाचे मिस्टर, वारल्यावर मी तिला नाशिकला, द्वारका चौकाजवळच्या आमच्या घरी आणलं. अकरा वर्षांपासून तिला शुगर आहे. गोळ्या आणायचं काम माझं, खायचं तिचं, अशी आमची वाटणी होती.

शुक्रवारी दुपारी आमच्या गल्लीतल्या बायका कुणा एकीच्या घरी दर्सला जमतात. कुरआनातला थोडा भाग घ्यायचा, वाचायचा, त्याचा अर्थ समजून घ्यायचा, याला दर्स म्हणतात. ते काम बाजी करतात. बाजी म्हणजे खरं तर ताई, पण त्या माझ्याहून दहा वर्षांनी लहान आहेत. मदरशात शिकलेल्या, आवाज गोड, मांडीवर तफसीरचं, म्हणजे कुरआनाचा अर्थ उलगडून सांगणारं, जाडजूड उर्दू पुस्तक. माझी तऱ्हा वेगळीच. अरबी मला वाचता येतं, पण कळत नाही. उर्दू ऐकून कळतं, पण वाचता येत नाही. अर्थ वाचायचा तर मी मराठी भाषांतर उघडते. त्यामुळे दर्समध्ये मी मागे, भिंतीला टेकून, कमी गुण पडलेल्या मुलीसारखी बसायची. आपा ओढून न्यायची म्हणून जायची.

एकदा डोंगरांचा विषय निघाला. डोंगर जमिनीत खुंट्यांसारखे रोवले आहेत, अशा अर्थाचं काही बाजी वाचत होत्या. वाचता वाचता त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "मॅडम, सायन्स काय म्हणतं यावर?"

मी म्हणाले, डोंगर वर दिसतो त्याहून कितीतरी खोल तो जमिनीखाली असतो, हे विज्ञानाने आता शोधून काढलंय. हे खोटं नाही. पण सगळ्याच डोंगरांचं तसं नसतं. आपला सह्याद्री लाव्हाचे थर एकावर एक साचून झाला आणि मग झिजला. पांडवलेणीच्या डोंगराला खुंटी म्हणावं की नाही, हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं. तेवढं मी गिळलं. बायकांनी मोठ्याने 'सुब्हानअल्लाह' म्हटलं. कुणीतरी मला पुढे सरकायला जागा दिली आणि मी भिंतीजवळून थेट बाजींच्या शेजारी जाऊन बसले.

मला हरभऱ्याच्या झाडावर चढवायला फार काही लागत नाही. पुढच्या शुक्रवारी मी तयारी करूनच गेले. लोखंड आकाशातून उतरलं म्हणतात, तर ताऱ्यांच्या पोटात लोखंड कसं तयार होतं ते सांगितलं. नंतर दोन समुद्रांचं पाणी. नंतर विश्वाचं पसरणं. इंटरनेटवर शोधलं की सगळं तयार मिळतं: डाव्या बाजूला आयत, म्हणजे कुरआनातलं वचन, उजव्या बाजूला शोध. शाळेजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून मी त्याच्या प्रती काढून घ्यायची. गल्लीत माझं नावच पडलं, सायन्सवाली मॅडम. आपा पहिल्या रांगेत बसून इकडेतिकडे बघायची. तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलेलं असायचं, 'ही माझी हाय.'

घोळ मला तेव्हाच कळत होता, असं आता म्हणायला हरकत नाही. नववीच्या पहिल्या तासाला मी मुलांना सांगते की विज्ञानात शेवटचा शब्द नसतो. माझ्या वर्गात बरीच मुलं एकलहऱ्याच्या वीज केंद्रात काम करणाऱ्यांची आहेत. त्यांना टर्बाइन वगैरे माझ्याहून जास्त कळतं, म्हणून त्यांना मी आकाशातलं उदाहरण देते. मी कित्येक वर्षं छातीठोकपणे नऊ ग्रह शिकवले. एके दिवशी एक ग्रह काढून टाकला, आणि मी त्याच फळ्यावर त्याच खडूने आठ शिकवायला लागले. चुकीचं ठरता येणं हीच विज्ञानाची ताकद, असं मी मुलांना सांगते. मग नाशिकरोडहून रिक्षात बसते, द्वारकाला उतरते, बुरखा सारखा करते आणि बायकांना सांगते, "हे तर आता विज्ञानाने सिद्धच केलंय." तोंड एकच. मधे फक्त अर्ध्या तासाची रिक्षा.

त्यात आमच्या स्टाफरूममध्ये इतिहासाच्या एक बाई आहेत. त्या डबा खाताना सांगतात की पूर्वी आपल्याकडे विमानं होती, सगळं ग्रंथांत लिहून ठेवलंय. त्यांची पाठ फिरली की मी पोट धरून हसायची. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, हे काही उगाच म्हणत नाहीत. पण त्या वेळी मला वाटायचं की माझं वेगळं आहे. कशाने वेगळं, हे मी स्वतःला कधी विचारलं नाही.

हिवाळा संपता संपता मधमाशीची आयत आली. मधमाशीच्या पोटातून वेगवेगळ्या रंगांचं पेय निघतं, त्यात लोकांसाठी शिफा आहे, म्हणजे आजार बरा करणारा गुण आहे, आणि विचार करणाऱ्यांसाठी ती एक निशाणी आहे, असा तिचा अर्थ. बाजींनी पंधरा दिवस आधीच मला सांगून ठेवलं. मला तर आनंदच झाला. हा विषय माझ्या हातातला. तारे-समुद्र कोण दाखवणार? मध दाखवता येतो.

बुधवारच्या बाजारात पेठ तालुक्याकडची एक बाई बाटल्यांतून रानातला मध आणते. तिच्याकडून एक बाटली घेतली. ती म्हणाली, "लय चांगला हाय बाय, पण घरात शुगरचं माणूस आसंल तं त्याला जपून." मी हो हो म्हटलं आणि बाटली पिशवीत टाकली. मला मध प्रयोगासाठी हवा होता. खाण्याचा विचार माझ्या डोक्यातच नव्हता.

घरी पावाच्या दोन स्लाइस दोन बशांत ठेवल्या. एकीवर पाणी शिंपडलं, दुसरीवर मधाचा जाड थर दिला, आणि दोन्हींवर पातेली उपडी घातली. सहाव्या दिवशी पाण्याचा पाव हिरवाकाळा झाला होता, त्यावर लव आली होती. मधाचा पाव तस्साच, सोनेरी, स्वच्छ. मी दोन्ही बशा फडक्यात बांधून दर्सला नेल्या. बशा हातोहात फिरल्या. जंतूंच्या अंगातलं पाणी मध कसा ओढून घेतो, ते मी समजावलं. एका म्हातारीच्या डोळ्यांत पाणी आलं. ती मधाच्या पावाची बशी कपाळाला लावायला निघाली, तेव्हा बाजींनी हसून तिचा हात धरला.

मग मागून कुणीतरी विचारलं, "मॅडम, शुगरवाल्यांना चालतो का?"

मी म्हणाले, "मधातली साखर आपल्या चहातल्या साखरेसारखी नसते. तिच्यात फ्रुक्टोज आणि ग्लुकोज सुटे सुटे असतात."

बस, एवढंच म्हणाले. हे वाक्य मी त्यानंतर शेकडो वेळा मनात फिरवून पाहिलंय. त्यातला शब्दन् शब्द खरा आहे. परीक्षेत त्याला पूर्ण गुण मिळतील. फक्त विचारलेल्या प्रश्नाचं ते उत्तर नव्हतं. उत्तर 'नाही' असं होतं, आणि ते मला माहीत होतं. पण बशा फिरत होत्या, बायका माझ्याकडे डोळे भरून बघत होत्या, आणि 'नाही' म्हटलं तर सगळ्यावर पाणी पडेल असं वाटलं. तेवढ्यात असरच्या, तिसऱ्या प्रहरच्या नमाजाची अजान झाली आणि सगळ्या उठल्या.

दुसऱ्या दिवसापासून आपा सकाळी उपाशीपोटी कोमट पाण्यातून दोन चमचे मध घ्यायला लागली. मी पाहिलं. चहात साखर घेत नाही बिचारी, घेऊ दे चमचाभर, असा विचार करून मी शाळेत गेले. पुढे पेठवाल्या बाईकडून दुसरी बाटलीही मीच आणली. गोळ्यांकडे माझं लक्षच नव्हतं. दर महिन्याला आपा पाकिटाचं रिकामं वेष्टन माझ्या पर्समध्ये ठेवायची, म्हणजे मेडिकलवाल्याला दाखवायला सोपं जायचं. ते वेष्टन दोन महिने पर्समध्ये आलं नाही आणि मला जाणवलंही नाही. तेव्हा माझ्या डोक्यात पुढच्या दर्सची आयत असायची.

उन्हाळ्यात आपा गच्चीवर कुरडया घालायला गेली. फरशी तापलेली, आणि तिला अनवाणी फिरायची सवय. डाव्या पायाच्या करंगळीखाली फोड आला, फुटला, चिघळला. तिला दुखलंच नाही. शुगरने पायातले चेतातंतू मेले की दुखत नाही. हेही मी दहावीला शिकवते, 'चेतासंस्था' नावाच्या धड्यात.

मला पायाबद्दल कळलं ते तिच्या वजूवरून. नमाजाआधी आपा मोरीत बसून हात, तोंड, पाय धुते, दिवसातून पाच वेळा. त्या संध्याकाळी मी भांडी लावत होते. तिने उजवा पाय घोट्यापर्यंत चोळून धुतला आणि डाव्या पायावर नुसता ओला हात फिरवला. जखमेवर पट्टी असेल तर धुवायचं नाही, वरून ओला हात फिरवायचा, एवढी सूट आमच्यात आहे. मी चमचे तसेच टाकले.

"आपा, डाव्या पायाला काय झालंय?"

"काय नाय. फडकं बांधलंय जरासं."

फडकं सोडलं तेव्हा आधी वास आला. मग मी पाहिलं आणि खालीच बसले. करंगळी काळीनिळी झाली होती. शुगर मोजायचं मशीन काढलं, तर चारशेच्या वर. मी कपाट उघडलं. गोळ्यांची पाकिटं रबर लावून नीट रचून ठेवलेली, एकही फोडलेलं नव्हतं.

मी ओरडले. घाबरले की मी ओरडते. "गोळ्या कुणी बंद करायला सांगितल्या तुला?"

"तूच तं सांगितलं."

"मी? मी गोळीचं नावसुद्धा काढलं नव्हतं!"

आपा शांत होती. लहानपणी मी चुकीचा पाढा म्हटला की ती जशी बघायची, तशी बघत म्हणाली, "हे बघ. नुसतं कुरआनात हाय म्हणून मी गोळी सोडली नसती. दुआ पण करायची नि दवा पण खायची, हे अब्बांनी शिकवलेलं. इतकी वर्सं मी दोन्ही केलं. पण तू म्हणली, सायन्सनं पण सिद्ध केलं. म्हणजे दुआ पण तीच नि दवा पण तीच झाली. दोन्हीकडनं खरं ठरल्यावर गोळी कशाला खाऊ मी?"

मी रिक्षा बोलावून तिला हॉस्पिटलात नेलं. तिच्या बोलण्यात कुठे चूक आहे ते मी त्या रात्रभर हॉस्पिटलच्या बाकावर बसून शोधत होते. अंधश्रद्धा म्हणावी तर अंधश्रद्धेने तिला अकरा वर्षं गोळ्या खाऊ दिल्या होत्या. गोळ्या सुटल्या त्या माझ्या दोन बशांमुळे. मी आयतीला विज्ञानाचा शिक्का मारायला गेले, आणि तिने त्या शिक्क्यावर विश्वास ठेवला. ती आयुष्यभर माझ्यावरच विश्वास ठेवत आली होती.

डॉक्टर तरुण होते, तोडून बोलणारे. म्हणाले, "करंगळी जाणार, ती धरूच नका. पाय वाचतो का ते पाहू. विष वर चढलं तर घोट्यापासून काढावा लागेल." मला फक्त 'घोट्यापासून' एवढंच ऐकू आलं. ज्या पायांनी ती मला कडेवर घेऊन लासलगावच्या घराचा उंबरा ओलांडून आत गेली होती, त्यातला एक. मी संडासात जाऊन रडले आणि तोंड धुऊन परत आले.

तिसऱ्या दिवशी करंगळी काढली. माणसाच्या अंगाचा भाग असा कुठेही टाकत नाहीत आमच्यात, दफन करतात. हॉस्पिटलने ती कापडात गुंडाळून दिली. माझे मिस्टर ती घेऊन कबरस्तानात गेले आणि एका कोपऱ्यात वीतभर खड्डा करून पुरून आले. आपाला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "चला, एवढी मी आधीच पुढं पोचले. बाकीचीनं रस्ता चुकायला नको." मी हसले आणि मग मला माझाच राग आला.

पाचव्या दिवशी ड्रेसिंग चालू असताना मी शेजारी उभी होते. डॉक्टरांनी जखम साफ केली, एक ट्यूब उघडली आणि जखमेवर पिवळसर काहीतरी पसरलं. मला वास ओळखीचा वाटला.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"मध," डॉक्टर म्हणाले. "मेडिकल ग्रेड. निर्जंतुक केलेला असतो. अशा जखमांवर बरा लागू पडतो."

आपा उशीवरून मान उचलून माझ्याकडे बघत होती. तिला बोलायची गरजही नव्हती, तरी ती बोलली. "बघ."

"आपा, हा लावायचा मध आहे. खायचा नाही."

"मग आयतीत काय म्हणलंय? खायचा का लावायचा?"

दुपारी ती झोपल्यावर मी पिशवीतलं मराठी भाषांतर काढलं आणि ती आयत पुन्हा पुन्हा वाचली. पेय म्हटलंय. म्हणजे प्यायचं. लोकांसाठी शिफा म्हटलंय. कोणत्या लोकांसाठी, कोणत्या आजारात, किती चमचे, काही नाही. ज्या मधाने तिची शुगर चढली, तोच मध तिची जखम भरत होता. आता आयत खरी ठरली की चुकले ते मी? की दोन्ही? आणि मध जखमेवर चालतो हे विज्ञान उद्या परवा फिरवेल, तेव्हा मग काय? मला वाटत होतं की या सगळ्यातून कुणीतरी एक सरळ वाक्य काढून द्यावं, फळ्यावर लिहिता येईल असं.

सहाव्या दिवशी गल्लीतल्या मशिदीचे मौलाना आजारी माणसाला भेटायला म्हणून आले. सत्तरीचे, बारीक, मोजकं बोलणारे. आपाची विचारपूस झाल्यावर मी त्यांना सगळं सांगून टाकलं, बशांसकट. त्यांनी मान खाली घालून ऐकलं.

"शिफा सगळ्या आजारांत की काहींत, सगळ्या माणसांना की काहींना, यावर जुन्या तफसीर लिहिणाऱ्यांतही मतं वेगळी होती," ते म्हणाले. "तेवढं तरी विचारायचं होतं कुणाला." मग जरा थांबून म्हणाले, "मॅडम, तुम्ही मुलांना दरवर्षी तोच धडा शिकवता?"

"पुस्तक बदललं की धडा बदलतो."

"मग ज्याचं पुस्तक बदलत राहतं, त्याचं सर्टिफिकेट ज्याचं बदलत नाही त्याला कशाला देता?"

मला एकदम हलकं वाटलं. हेच ते सरळ वाक्य, असं वाटलं. हे असं मला का सुचलं नाही? मी त्यांच्यासाठी खालून चहा मागवला. चहा घेता घेता मौलाना आपाकडे वळून समजुतीच्या सुरात म्हणाले, "बाकी आपल्या दीनमध्ये, धर्मात, प्रत्येक गोष्टीमागे हिकमत आहे, शहाणपण आहे बघा. दिवसातून पाच वेळा पाय धुतले की पायाला जखमाच होत नाहीत, हे आता डॉक्टर लोकही मानायला लागलेत."

आपाचा डावा पाय आमच्या दोघांच्या मधे, उशीवर, बँडेजमध्ये होता. आपाने त्याच्याकडे पाहिलं, मी पाहिलं. मौलानांनी चहा संपवला, जाताना दारात मला हळूच विचारलं की त्यांची स्वतःची शुगरची गोळी जेवणाआधीची आहे की नंतरची, आणि ते गेले. मी पुन्हा होते तिथेच.

पाय वाचला. बाराव्या दिवशी आपा घरी आली. तिला चालायची बंदी होती, म्हणून पुढचा दर्स आमच्याच घरी ठेवा, असा बाजींचा निरोप आला. आदल्या दिवशी आपाने मला पलंगाजवळ बसवलं.

"उद्या तू सगळ्यांना सांग."

"काय सांगू?"

"जे झालं ते."

मी टाळाटाळ केली. लोक काय म्हणतील, हे तर होतंच. बाजींच्या शेजारची जागा जाईल, हेही होतं, कशाला खोटं बोलू? पण खरी अडचण निराळी होती. मी मागे काय घ्यायचं तेच मला कळत नव्हतं. मध खाऊ नका म्हटलं तर बायकांना वाटणार, मी आयतीला खोटं पाडलं. आयत खरी, माझं विज्ञान चुकलं, असं म्हणावं तर पावावर बुरशी आली नव्हती हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. दोन दोऱ्यांची मी गाठ मारून ठेवली होती आणि आता एक ओढला की दुसरा येत होता. हे सगळं मी आपाला सांगितलं. तिने ऐकून घेतलं.

"आयतीला काय होत नाय तुझ्या बोलण्यानं," ती म्हणाली. "ती लय जुनी हाय. तू तुझं बघ."

शुक्रवारी घर भरलं. काही जणी आपासाठी फळं घेऊन आल्या, आणि एकीने तर मधाची बाटली आणली. आपा खुर्चीवर, डावा पाय स्टुलावर. बाजींनी वाचायला सुरुवात करायच्या आधी मी उभी राहिले. शाळेत रोज सहा तास उभी राहते, पण त्या दिवशी मी आपाच्या खुर्चीची पाठ धरून ठेवली.

"मधाच्या दिवशी मला कुणीतरी विचारलं होतं की शुगरवाल्यांना चालतो का," मी म्हणाले. "त्याचं उत्तर नाही असं होतं. गोळीच्या जागी तर मुळीच नाही. मला ते माहीत होतं. मी दुसरंच काहीतरी सांगितलं, कारण तुम्ही सगळ्या माझ्याकडे बघत होतात. कुरआनात काय आहे ते बाजी सांगतील. त्याला मी जे जोडत होते ते माझं होतं, आणि डोंगरांपासूनच मला त्याची पूर्ण खात्री नव्हती. आपाचं बोट माझ्या उत्तराने गेलं."

  मला वाटलं, आता बोलणी बसतील, बसू देत. मग दाराजवळ बसलेली एक नवी सून, जिने आजवर दर्समध्ये तोंड उघडलं नव्हतं, ओढणी सारखी करत म्हणाली, "मॅडम, म्हणजे आमच्या सासूबाईंच्या गोळ्या परत चालू करायच्या का?"

मला आधी कळलंच नाही ती काय म्हणतेय. कळलं तेव्हा सवयीने, वर्गात निघतो तसा आवाज निघाला.

"ज्यांनी ज्यांनी गोळ्या सोडल्या, त्यांनी हात वर करा."

खिडकीजवळ एक हात वर आला. मग दुसरा. मग बशी कपाळाला लावायला निघालेल्या त्या म्हातारीचा. माझ्या शेजारी बाजींनी मांडीवरचं पुस्तक मिटलं, बाजूला ठेवलं आणि खाली बघतच हात वर केला. त्यांना शुगर आहे हे मला माहीतसुद्धा नव्हतं.